हिराकाकांच्या रिकाम्या गोणी

माझ्या घराचा पाया भरत होतो, त्या दिवशी फाटकातून एक सडसडीत म्हातारा आत आला. अंगात पांढरा सदरा, खाली खाकी हाफपँट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ सिमेंटच्या थप्पीपाशी गेला आणि तिथूनच मला विचारलं, "किती गोणी लागणार?"

मला वाटलं दुकानदाराचा माणूस. मी म्हटलं, "पायाला साठ. पुढचं पुढे बघू."

"पुढचं पुढे नाय. पूर्ण घराच्या सांगा, स्लॅब धरून."

मी अंदाजाने आकडा सांगितला. म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला, जणू घर त्याच्याच लेकीचं होतं. मग तो गवंड्याकडे वळला. "गोणीच्या पोटात फावडं घालू नको रे बाबा. हा इथला दोरा ओढ. तोंड आपोआप उघडतं, आणि गोण फाटत नाय." गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. तेवढ्यात म्हातारा गोणीचे दोरे ओढायला बसलासुद्धा.

ही हिराजी तांडेल यांची आणि माझी पहिली भेट. अख्खी डहाणू त्यांना हिराकाका म्हणायची. घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, तेव्हा ते नारळ घेऊन आले, जेवले, माझ्या बायकोच्या हातच्या वरणाला नावाजलं आणि जाताना सगळ्या रिकाम्या गोणी झटकून, घड्या घालून, सायकलच्या कॅरियरला बांधून तीन खेपांत घेऊन गेले. माझी बायको नंतर म्हणाली, "आलेल्या सगळ्या पाहुण्यांत ह्या एकट्या माणसाने टाइल्स केवढ्याच्या हे विचारलं नाही."

या गोणी कशाला, हे मला पुढे कळलं. दिवाळीनंतर ओहळांचं पाणी ओसरायला लागतं. त्या वेळी गोणीत वाळू भरून ओहळात आडव्या रचल्या की पाणी अडतं, जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरी आणखी काही महिने तग धरतात. काकांनी हे कुठेतरी पाहिलं आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं. तेव्हापासून डहाणूत कुठेही विटा उतरल्या की काका हजर. लोक घर बांधायला काढताना आधी ज्योतिषाला विचारतात. आमच्याकडे मुहूर्त ठरला की नाही, हे ज्योतिषाच्या आधी हिराकाकांना ठाऊक असायचं.

माणूस मूळचा धाकट्या डहाणूचा. खाडीच्या तोंडावरचं मच्छीमारांचं गाव, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होड्या. तांडेल म्हणजे होडी हाकणारा, बाकीच्यांनी ज्याचं ऐकायचं तो. आणि हे तांडेल होडीत पाय ठेवला की ओकायचे. किनारा दिसत असताना ओकायचे. बापाने तीन मोसम वाट पाहिली, देवाला नवस बोलून पाहिला, शेवटी हात टेकले. पोराला किनाऱ्यावर बसवून जाळी दुरुस्त करायला लावलं, आणि तिथे मात्र त्याने सगळ्यांना मागे टाकलं. पुढे काका चिकूच्या वाडीत माल निवडायला लागले आणि तिथूनच म्हातारे होऊन बाहेर पडले. गोणीचं तोंड मात्र ते शेवटपर्यंत जाळीच्या लाकडी सुईनेच शिवायचे. गाठ अशी बसायची की गोण कुजेल पण गाठ सुटणार नाही.

चिकू निवडून निवडून त्यांना माणसं निवडायची सवय लागली होती. चिकू बाहेरून कळत नाही. कच्चा असो, तयार असो, रंग तोच मातकट. नखाने जरा खरवडायचं, खाली हिरवं दिसलं तर झाडावरच राहू द्यायचा. काका माणसालाही असंच नख लावून बघायचे. कोणी उत्साहाने म्हणाला, "काका, मलाही पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय," की काका त्याला म्हणायचे, "बरं. उद्या सकाळी दहा गोणी आण." दुसऱ्या दिवशी तो आला नाही की काका मान हलवायचे, "हिरवा हाय. राहू दे अजून." त्यांनी कधी कोणाला नापास केलं नाही, फक्त झाडावर ठेवलं.

मला त्यांनी कधी नख लावलं, ते माझ्या लक्षातच आलं नाही. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काका एका कागदाची झेरॉक्स काढायला यायचे आणि दोन तास बसायचे. मला ते नावाने हाक मारत नसत. "ए झेरॉक्स, चहा सांग." "ए झेरॉक्स, रविवारी काय करतोस?" रविवारी मी झोपतो, हे उत्तर त्यांना कधीच पटलं नाही. मला तो माणूस फार आवडायचा, नाहीतर माझ्यासारख्या आळशाने सकाळी सातला टेम्पोत बसून गोणी रचायला झरी गावाला जायचं काही कारण नव्हतं.

गोणींच्या खालोखाल त्यांचा जीव फ्लेक्सवर. गोणींच्या भिंतीतून पाणी झिरपतं, म्हणून आतल्या अंगाने जाड प्लास्टिक लावावं लागतं, आणि त्याला वाढदिवसाच्या फ्लेक्सइतकं दणकट दुसरं काही नाही, असं काकांचं मत होतं. चौकात कोणा नेत्याचा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी काका शिडी घेऊन हजर. पावसाळ्याआधी तेच फ्लेक्स ओहळातून काढून, धुऊन, वाळवून घराच्या माळ्यावर ठेवायचे. त्यांच्या माळ्यावर सगळे पक्ष एकाच गुंडाळीत गुण्यागोविंदाने नांदत होते. एकदा एक तरुण कार्यकर्ता माझ्या दुकानात तणतणत आला. त्याच्या साहेबांचा फोटो ओहळात, तोही उलटा, हे कोणीतरी त्याला सांगितलं होतं. काका बाकावर बसलेले होते. शांतपणे म्हणाले, "अरे, तुझ्या साहेबांनी पाणी अडवलंय. एवढं काम त्यांच्या हातून कधी झालं होतं? जा, फोटो काढून आण." कार्यकर्ता खरंच गेला. संध्याकाळी त्याच्या स्टेटसला ओहळाचा फोटो होता, आणि खाली 'जलसंधारणात साहेबांचा सक्रिय सहभाग'.

आता गमतीतून जरा बाहेर येतो. काकांनी एकदा शब्द दिला आणि तो मोडला, त्याची गोष्ट सांगायची आहे.

तलासरी तालुक्यात झरीला टेकडीच्या पायथ्याशी एक पाडा आहे. पाड्याला एकच विहीर. पौष-माघात ती आटली की बायका खाली दूरच्या डोहापर्यंत पाण्याला जात. तिथल्या लखमीबाई मंजूकाकीच्या ओळखीच्या. मंजूकाकी म्हणजे हिराकाकांची बायको, बाजारात सुकी मासळी विकायची, आणि लखमीबाई तिच्याकडून सुकट न्यायच्या. त्या ओळखीवर काका झरीला गेले, ओहळ पाहिला, आणि विहिरीच्या काठावर उभं राहून लखमीबाईंना म्हणाले, "होळीपर्यंत पाणी हटणार नाय. हटलं तर मला चार माणसांत विचार."

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही पंचवीस जण झरीला गेलो. शिक्षक, दुकानदार, बँकेतले दोघे, कॉलेजची मुलंमुली. पाड्यातले लोकही ओहळावर आले होते. सकाळी काम जोरात झालं. दुपारी पाड्यातून दोन बायका बोलवायला आल्या, जेवण तयार आहे म्हणाल्या. आम्ही एका सुरात म्हणालो, "नको नको, तुम्हाला कशाला त्रास! आम्ही आणलंय." आणि आम्ही खरोखरच आणलं होतं. दीडशे वडापाव, चटणीच्या पुड्या वेगळ्या. ही व्यवस्था माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. गरिबाच्या घरावर पंचवीस माणसांचा भार टाकायचा नाही, एवढी समज आपल्याला आहे, असं मला वाटत होतं. काकाही एक वडापाव घेऊन बसले. पाड्यातल्या लोकांनाही आम्ही देऊ केला. एक-दोघांनी घेतला, बाकीचे हळूहळू उठून गेले. जेवणानंतर काठावर बसून ते आमचं काम बघत राहिले, पण पाण्यात कोणी उतरलं नाही.

कोणीतरी म्हणालं सुद्धा, "यांच्यासाठी आपण राबतोय आणि हे बघा कसे बसलेत." मी मान डोलावली होती, हे कबूल करतो.

बांध पूर्ण झाला, फोटो झाले, आणि दीड महिन्यात त्याच्या खालून पाणी निघून गेलं. भिंत जागच्या जागी, वर साहेब हसतायत, आणि अलीकडे-पलीकडे सारखाच चिखल.

पौषातल्या बाजारच्या दिवशी लखमीबाई डहाणूला आल्या. मंजूकाकीच्या टोपल्यांपुढे गिऱ्हाइकं होती, मागे काका बोंबील निवडत बसलेले, मी सुकट घ्यायला गेलेलो. लखमीबाईंनी भाव विचारला नाही. त्या म्हणाल्या, "काका, होळी कवा हाय?"

काकांनी बोटं मोजली. "दोन महिने हायत अजून."

"आमची ईहीर आटली."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चार माणसांत विचार, असं काकांनीच सांगितलं होतं, म्हणून त्या इतक्या लांबून चार माणसांत विचारायला आल्या होत्या. काकांच्या हातातला बोंबील हातातच राहिला. मंजूकाकीने नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता बसून काय राहिलात? जा तिच्यासोबत."

काका लखमीबाईंसोबत एसटीने झरीला गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. दुकानात येऊन बाकावर बसले. "ए झेरॉक्स," म्हणाले, "तुझ्या वडापावाने बांध फोडला."

मग त्यांनी सांगितलं. पाड्यात भात लावायला एकाच्या शेतात सगळा पाडा उतरतो. मजुरी कोणी कोणाला देत नाही. ज्याचं शेत, त्याचं जेवण. त्याच्याकडचं जेवलं की काम लागू झालं, आणि उद्या त्याने तुमच्या शेतात यायचं. जो राबतो पण जेवत नाही, तो मजूर तरी असतो, नाहीतर रागावलेला तरी. पाड्याने त्या दिवशी घराघरातून तांदूळ काढून पंचवीस माणसांचं जेवण रांधलं होतं. आम्ही ते नाकारून ओहळाकाठी आमच्या पुड्या सोडल्या होत्या.

"आणि ती जागा वाळूची हाय," काका म्हणाले. "पाणी खालून जाणार, हे पाड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. पन्नास पावलं वर खडक हाय, तिथे घालायचा बांध. मी लखमीला म्हटलं, अगं, मग सांगितलं का नाय तेव्हा? तर म्हणते कशी, 'सांगाचा कसा? तू आमचा कोण?'"

हे सांगताना काका हसत होते, पण मला ते बघवत नव्हतं. तो सगळा उन्हाळा ते दर रविवारी झरीला गेले. बांधाला नव्हे, पाणी भरायला. डोहावरून पाड्यापर्यंत पासष्टीचा माणूस खांद्यावर हंडा घेऊन चालायचा. निम्मं पाणी सदऱ्यावर, निम्मं वाटेत. बायका हसून हसून बेजार व्हायच्या. मी एकदा म्हटलं, "काका, तुमच्या एका हंड्याने काय होणार?" म्हणाले, "काय नाय होणार. पण शब्द माझा होता ना?" आणि पाणी भरून झालं की ते लखमीबाईंच्या ओटीवर जेवायचे, मिळेल ते.

पुढच्या वर्षी टेम्पो निघण्याआधी काकांनी प्रत्येकाची पिशवी तपासली. डबा सापडला की बाहेर. बिस्किटाचा पुडासुद्धा सुटला नाही. मंजूकाकीने मात्र सुक्या बोंबलाची एक टोपली चढवली होती. "नातलगाकडे रिकाम्या हाताने जातात काय?" म्हणाली. त्या दिवशी बांध खडकावर पडला. जागा लखमीबाईंनी दाखवली, आणि सगळा पाडा साखळी करून उभा राहिला. गोण या हातातून त्या हातात अशी सरकत होती की माझ्यासारख्याला आळस करायलासुद्धा फट मिळाली नाही. दुपारी पळसाच्या पानांवर तांदळाची भाकरी, उडदाचं दाट वरण आणि सुकटीची चटणी. बँकेतले एक साहेब तीन भाकऱ्या खाऊन तिथेच आडवे झाले.

होळीच्या दिवशी काका सकाळीच झरीला जाऊन विहिरीत वाकले. पाणी होतं. लखमीबाई सांगतात, काकांनी पाण्यातल्या आपल्याच तोंडाला हात केला.

आपण जिंकलो, काम संपलं, असं आम्हाला वाटलं. होळी होऊन दोनेक आठवडे झाले असतील. सकाळी काकांचा फोन, आवाज घाबराघुबरा. "ए झेरॉक्स, लवकर ये. झरीचे लोक आलेत. चाळीस जण हायत!"

मी धाकट्या डहाणूला पोचलो तर खाडीकाठी टेम्पो उभा, खाली कोयते, टोपल्या, बायका, पुरुष. लखमीबाई पुढे. "आमी कामाला आलो," म्हणत होत्या. "तुमी आमच्याकडं जेवलां. आता तुमचां काम काय, तां दाखव."

हिराकाकांची बोबडी वळली. जन्मभर दुसऱ्यांना कामाला लावणारा माणूस, त्याला स्वतःचं काम सुचेना. "अगं, माझं काय काम? माझं कायच नाय," असं पुटपुटत राहिले. शेवटी मंजूकाकी पदर खोचून पुढे आली. "काम नाय कसं? लोकांचे ओहळ बांधत फिरता, आपली खाडी बघा की! तिवरात जाळी अडकून कुजतायत, त्यात खेकडे मरतायत. वीस वर्षं सांगते मी." आणि लखमीबाईंना म्हणाली, "चल गं, मी दाखवते. जेवायला मांदेली करते."

डोंगरातली माणसं, खाडीच्या चिखलाची सवय नाही. कोणी गुडघ्यापर्यंत रुतलं, कोणी बसकण मारली, हसण्याचा नुसता कल्ला. काठच्या तिवराच्या झुडपांच्या मुळांत गुरफटलेली जुनी जाळी ते कोयत्याने सोडवत होते. काकांच्या गावचे लोक आधी ओट्यांवरून बघत होते. मी त्यांची तोंडं बघत होतो, कारण असंच काठावर बसलेल्या माणसांना मी एकदा नावं ठेवली होती. एक म्हातारा खलाशी उठला आणि काही न बोलता चिखलात उतरला. मग त्याचे मुलगे. मग बाकीचे. परकी माणसं आपली घाण उपसतायत आणि आपण ओट्यावर चहा पितोय, हे फार वेळ कोणाला जमलं नाही. दुपारपर्यंत जाळ्यांचा ढीग माणसाच्या वर गेला आणि मंजूकाकीच्या दारात शंभर पानं उठली.

तेव्हापासून आमच्याकडे आवाहन नाही, शपथ नाही, दीपप्रज्वलन नाही. दिवाळीनंतर आम्ही झरीला जेवतो, होळीनंतर ते आमच्याकडे जेवतात. मध्ये काम होतं.

असं सात वर्षं चाललं. गेल्या वर्षी काकांना डॉक्टरांनी गोण उचलायला बंदी केली. छातीचं दुखणं होतं. काकांना एकच घोर. माझ्याकडे बसून म्हणायचे, "झेरॉक्स, माझ्यामागे हे बंद पडेल रे. लोक माझ्या भिडेने येतात." मी म्हणायचो, "नाही पडणार." पण मलाही खात्री नव्हती. होळीला विहिरीत पाणी होतं. त्यानंतर चैत्रात, सकाळी जाळी शिवत बसलेले असताना काका गेले. यंदा दिवाळी झाली आणि मी विचारात होतो की कोणाला फोन करावेत. तर रविवारी सातला टेम्पोपाशी एकतीस माणसं उभी. मंजूकाकी टोपली घेऊन पुढच्या सीटवर बसलेली होती. बांध झाला.

काकांना मी शेवटचं धडपणे पाहिलं ते गेल्या वर्षी दिवाळीनंतर, झरीलाच. गोण उचलायची नाही म्हणून खडकावर बसून ते तोंडं शिवत होते. दुपारी पानं मांडली, आम्ही बसलो. काकाही सवयीने माझ्या शेजारी येऊन बसले. लखमीबाई वरणाचं पातेलं घेऊन आल्या, त्यांच्यापुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "तू ऊठ."

काकांना कळेना.

"घरचां माणूस पाव्हण्यांत बसतां काय?" असं म्हणून त्यांनी पळी काकांच्या हातात दिली. "तू वाढ."

काका उठले. टॉवेलने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि वाढायला लागले. साठ माणसांना त्यांनी वाढलं, कोणाला भाकरी हवी विचारत दोनदा फिरले. आमचं उरकलं, ऊन कललं, टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. मी त्यांना शोधत पाड्यात गेलो. लखमीबाईंच्या ओटीवर घरची माणसं आता कुठे जेवायला बसली होती. पातेल्यात वरण उरलं नव्हतं. काका त्यांच्यामध्ये मांडी घालून बसले होते, लखमीबाईंनी आपली भाकरी मोडून अर्धी त्यांच्या पानावर टाकली होती, आणि ते ती चटणीला लावून खात होते.

"काका, टेम्पो निघतोय," मी हाक मारली.

त्यांनी घास न थांबवता हाताने खूण केली, की तुम्ही व्हा पुढे, मी जेवतोय.